क्रावास्कोला नावं ठेवण्याचा हक्क

रविवारच्या जेवणात भावी सासऱ्याला खिशात टाकायचं, असं रुज्जेरोनं ठरवून टाकलं होतं. त्यात अवघड ते काय? मार्तानं त्याला आधीच सांगितलं होतं, "पपांचा जीव दोघांवरच. एक मी आणि दुसरा लिवियो क्रावास्को!"

हा क्रावास्को म्हणजे इटलीतल्या जेनोव्याचा गायक. गाणी स्वतःच लिहायची आणि स्वतःच गिटार घेऊन गायची. रुज्जेरो पडला दक्षिणेतला, बारीचा. तिकडे एखादी गोष्ट आवडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं कौतुक करतात. त्यानं मिलानमध्ये दवाखान्यात कामाला जाता-येता आठवडाभर कानात क्रावास्को कोंबला आणि कौतुकाची वाक्यं घोटून पाठ केली. करणं भागच होतं. मार्तानं साफ बजावलं होतं, "पपांना तू पटला नाहीस, तर ते रुसलेले असताना मी लग्नाला उभी राहणार नाही. सांगून ठेवते!"

ओबेर्तो पारोदी म्हणजे मार्ताचे पपा. उभं आयुष्य जेनोव्याच्या बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, हात फावड्याएवढे. आई पिनुच्चानं पेस्तोची हिरवी चटणी लावलेली त्रोफिए, म्हणजे पीळदार पास्ता, वाढला. क्रावास्कोची तबकडी लागली. रुज्जेरोनं कौतुकासाठी तोंड उघडलं, पण ओबेर्तोनं आधीच सुरुवात केली होती.

"याचा पहिला अल्बम ऐकलास? सर्दी झालेल्या माणसानं गायल्यासारखा! दुसऱ्यात व्हायोलिनं इतकी, की त्यात गाणं शोधावं लागतं. तिसरा काढला समुद्रावर आइस्क्रीम चाटत फिरणाऱ्यांसाठी! आणि चौथ्याच्या वेळी हा रोमला जाऊन राहिला, अन् तिथे बसून समुद्रावर गाणी लिहायला लागला! अरे, इथे होतास तेव्हा खिडकी उघडायला काय झालं होतं तुला?"

रुज्जेरोची पाठ केलेली वाक्यं फुकट गेली. मार्ताचा काहीतरी घोळ झालेला दिसतोय, म्हातारा तर या गायकावर खार खाऊन आहे! त्यानं झटकन बाजू बदलली.

"अगदी माझ्या मनातलं बोललात! मलाही हा माणूस कधीच आवडला नाही. भिकार गातो!"

ओबेर्तोचा काटा हवेतच थांबला. पिनुच्चानं डोळे मिटून घेतले.

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून तू क्रावास्कोला भिकार म्हणतोस?"

"अहो, पण आत्ता तुम्हीच..."

"मी म्हणेन! त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मी भर पावसात उभा होतो. तू कुठे होतास तेव्हा?"

"तेव्हा माझा जन्म झाला नव्हता."

"सबबी सांगू नकोस!"

रुज्जेरोनं घाईघाईनं पुन्हा उडी मारली. "नाही म्हणजे, दुसरा अल्बम तर अमृतच आहे हो!"

"सगळी गाणी?"

"एकूण एक!"

"म्हणजे ऐकलाच नाहीस," असं म्हणून ओबेर्तो ताट सारून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मार्ताचे डोळे भरून आले. "अरे, जेनोव्यात ज्याच्यावर जीव असतो त्याच्यावरच कुरकुर करतात! आमचे जुने खलाशी पगार कमी घ्यायचे, पण कुरकुर करायची मुभा मागून घ्यायचे म्हणे. तुला एवढंही कळत नाही?"

रुज्जेरो बाल्कनीत माफी मागायला गेला. ओबेर्तोनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मिलानची गाडी संध्याकाळी आहे."

मग मात्र रुज्जेरोचं डोकं फिरलं. "जातो! पण जाण्याआधी ऐकून घ्या! त्या दुसऱ्या अल्बममधलं शेवटचं गाणं मला सहन होत नाही! ती बाई धक्क्यावर वाट बघते, बघते, कडव्यामागून कडवी बघतच राहते, आणि जहाज आलं की हा बाबा दोन ओळींत गाणं गुंडाळतो! नवरा भेटल्यावर ती काय बोलली, ते सांग ना बाबा! आठवडाभर रोज ट्राममध्ये ऐकलं. रोज रडलो, रोज चिडलो आणि रोज माझा थांबा चुकला!"

ओबेर्तो हळूच वळला.

"गुंडाळलंय ना?"

"गुंडाळलंय म्हणजे काय! चक्क पळ काढलाय!"

"कधीपासून सांगतोय मी हे! या घरात ऐकतंय कोण?" त्यानं रुज्जेरोचा दंड धरला आणि त्याला ओढतच आत आणलं. "पिनुच्चा, याला वाढ अजून! काय हा किडकिडीत! केस बघ, न्हावी मेलेत का मिलानमधले? बोलतो केवढ्यानं, अर्ध्या बंदराला ऐकू गेलं असेल! आणि हा बूट बघ, जेवायला येताना घालतात असला बूट?"

रुज्जेरो खाली मान घालून ऐकत होता. मार्ता मात्र एकाच वेळी हसत होती नि रडत होती. "रुज्जेरो, अरे, पपा तुला नावं ठेवताहेत!"

शरद ऋतूत लग्न झालं. मेजवानीत ओबेर्तो ग्लास घेऊन उभा राहिला. त्यानं रुमालानं डोळे टिपले. शेवटी एवढंच म्हणाला, "पोरगा चांगला आहे," आणि खाली बसला.

रुज्जेरोचा चेहरा पांढराफटक पडला. तो मार्ताच्या कानाशी वाकला.

"अगं, आता काय चुकलं माझं?"