देवरेदादांचं ‘उरलेलं उद्या’

थांबा, हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका! आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास आहे, डबा अजून उघडलेला नाही, ऑफिसच्याच टाइपरायटरवर बसलेय. बोटं टायपिंगच्या परीक्षेपेक्षा जोरात पळतायत, तेव्हा चुका पोटात घाला.

तर देवरेदादा. दादाजी देवरे, मूळचे सटाण्याकडचे, आमच्या अंबडच्या कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. म्हणजे लेथवर लोखंड कातणारे. हा माणूस साडेचारचा भोंगा वाजला की वाक्य अर्धवट सोडून घरी जातो. काम नाही हं, काम तर सगळेच सोडतात. वाक्य! ओठावरचा शब्द ओठावरच ठेवायचा, हात वर करायचा, “उरलेलं उद्या” म्हणायचं आणि फाटकाबाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला राम राम नाही, नमस्कार नाही, बरोब्बर पुढच्या शब्दापासून सुरू.

मी नवीन होते तेव्हा एका शनिवारी मला म्हणाले, “सुनंदे, तुझ्या सायकलचं मागचं चाक—” आणि भोंगा. “उरलेलं उद्या.” उद्या रविवार! मी सायकल हातात धरून घरापर्यंत ढकलत नेली. रविवारी दुकानदाराकडे नेली, त्यानं चाक उघडलं, पाहिलं, बसवलं, पैसे घेतले. सोमवारी फाटकात दादा भेटले. “—काय गुळगुळीत पळतं गं! कोणी बसवून दिलं?”

आता माझं सांगते. मी अगदी उलटी. मला समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत दम निघत नाही, मीच संपवून टाकते. आमचे मॅनेजर कुलकर्णी साहेब मजकूर सांगायला लागले की तोंडातून चार शब्द निघायच्या आत माझं ‘आपला विश्वासू’ टाइप झालेलं असतं. एकदा साहेब म्हणाले, “आपण पाठवलेला माल आम्ही…” मी ‘आनंदाने स्वीकारला आहे’ लिहून मोकळी. त्यांना तो परत पाठवायचा होता. त्या दिवशी दादा दारात उभे राहून म्हणाले, “घाई केली की आटे जातात, पोरी.” स्क्रूचे आटे म्हणजे ती वळणं. एकदा झिजली की स्क्रू नुसता गरगर फिरतो, धरत नाही. हे दादांचं दुसरं आवडतं वाक्य. हे मात्र ते पूर्ण बोलतात.

आणि गंमत म्हणजे हेच दादा पूर्वी ओव्हरटाइमचे राजे होते. जुने लोक सांगतात, कोणी रजेवर गेला की त्याची पाळी दादांची. दिवाळी दादांची, पोळा दादांची. सिडकोत त्यांच्या गल्लीत पहिला फ्रिज त्यांच्याकडे आला. तो आणला तेव्हा दादा कारखान्यात होते, गल्लीतल्या लोकांनीच घरात चढवला. आणि अडीच वर्षांपूर्वी एकदम सगळं बंद. एक मिनिट जास्त थांबणार नाहीत. का, ते कोणाला सांगत नाहीत. कँटीनमध्ये यावर खूप संशोधन झालं. एक म्हणे भजनी मंडळ धरलं. दुसरा म्हणे धरलंय, पण मंडळ नाही! आणि मग सगळे खी खी खी.

या सोमवारी कुलकर्णी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी समोरच होते. सुपरवायझरची जागा! पगार जवळजवळ दीडपट, पांढरा शर्ट, खुर्ची, वर पंखा. फक्त एक होतं. सुपरवायझरला भोंगा नसतो. मशीन बंद पडलं की ते चालू होईस्तोवर थांबायचं. मी असते तर दोन्ही हातांनी सही केली असती. दादा म्हणाले, “घरी विचारतो.”

मंगळवारी साहेब म्हणाले, “विचारलं का?”

“विचारलं. उत्तर चालू आहे.”

“चालू आहे म्हणजे?”

“सुरू झालंय, साहेब.”

बुधवारी? “तीन शब्द झाले.” गुरुवारी? “चौथा येऊन राहिला.”

“अहो देवरे, हे उत्तर आहे का धरणाचं बांधकाम?”

काल शुक्रवारी साहेब काही विचारायच्या परिस्थितीतच नव्हते. शनिवारी हेड ऑफिसला डाक जायची होती, त्यासाठी कालच सहाच्या आत नाव कळवायचं होतं. नाही तर बाहेरचा माणूस घेणार. चार वाजून एकोणतीस मिनिटांनी दादा केबिनच्या दारात आले. “साहेब, माझं उत्तर—”

भोंगा!

“उरलेलं—” म्हणत दादा गेलेसुद्धा. साहेबांचा चेहरा मी काय सांगू! टाचणीची डबीच फेकली त्यांनी. “सुनंदा, त्या माणसाच्या घरी जा आणि सही घेऊन ये!” मी म्हटलं, हो, आणि कागद पुढं केला. कारण मी तो दुपारीच टाइप करून ठेवला होता. ‘मी सदर पद आनंदाने स्वीकारीत आहे.’ बघा, वाक्य दादांचं आणि संपवलं मी.

सायकल दामटत सिडकोत पोचले. दार उघडंच होतं. दादा जमिनीवर बसून मेथी निवडत होते. समोर खाटेवर काकू, म्हणजे त्यांची बायको. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, तोंड जरासं एका बाजूला ओढलेलं. कोपऱ्यात तो फ्रिज, त्याला भरतकामाचा पडदा. दादांनी मला बसायची खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

काकू बोलत होत्या. “उषी… स्टेजवर…”

उषी म्हणजे त्यांची मुलगी, कळवणला दिलीय. पुढचा शब्द येईना. इतका वेळ येईना की माणूस मधल्यामधे चहा पिऊन येईल. काकूंचे ओठ हलायचे, डोळे वर जायचे, हात चादरीवर काहीतरी शोधायचा. दादा शांतपणे एकेक पान खुडत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, “रडली! हो ना काकू?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि तोंड मिटलं. मिटलं म्हणजे मिटलंच.

“गेले आटे,” दादा म्हणाले. रागावले नाहीत, तेच वाईट वाटलं. “हिला शब्द सापडतो गं. वेळ लागतो. झटका आला तेव्हा बघायला माणसं यायची. सगळी चांगली माणसं. ही एक शब्द बोलली की उरलेले चार तेच बोलायचे. हिला काही शोधायलाच लागेना. तीन महिन्यांत बोलणं पार बंद.”

“पण दादा, पगार दीडपट झाला तर यांच्यासाठी एखादी बाई ठेवता येईल!”

“ठेवली होती. फार हुशार होती. तुझ्यासारखीच.”

मी पदर दातात धरला.

“चल, पहिल्यापासून,” दादा काकूंना म्हणाले. “उषी स्टेजवर.”

“उषी… स्टेजवर…” घड्याळात पाच. मी मनात ‘पडली’, ‘नाचली’, ‘विसरली’ सगळं म्हणून घेतलं. “…झोपली.”

शाळेच्या नाटकात उषी झाड झाली होती आणि उभ्या उभ्या झोपली! दादा मेथीत हात घालून असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी. “आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“तुम्ही…” काकू म्हणाल्या. “ओव्हर… टाइमला.” हे मात्र फार शोधावं लागलं नाही.

मग दादांनी मला सांगितलं. ते घरात नव्हते त्या सगळ्या वर्षांत काय काय झालं, ते काकू त्यांना रोज संध्याकाळी सांगतात. एका संध्याकाळी फार तर दोन-तीन वाक्यं. दमल्या की जिथं असतील तिथं थांबायचं, “उरलेलं उद्या.” दुसऱ्या दिवशी तोच शब्द दादांनी लक्षात ठेवून हातात द्यायचा. सुरुवात बाहत्तर सालापासून केलीय. म्हणजे ती भोंग्याची खोड भोंग्याची नव्हतीच हो. ती घरची होती!

मी कागद पुढं केला. सव्वापाच झाले होते. दादांनी पेनचं टोपण काढलं आणि काकूंना म्हणाले, “तुझं उत्तर इथवर आलंय. ‘मी म्हणते, तुम्ही ती नोकरी…’ पुढं?”

काकूंनी फ्रिजकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पंधरा मिनिटं गेली असतील. शपथ सांगते, मी एक शब्द बोलले नाही.

“…घ्या.”

मी टुणकन उठले! दादांनी हात वर केला. “बस. टिंब आलेलं नाही.”

बसले. पुन्हा शोधाशोध. काकूंच्या कपाळावर घाम आला होता. दादांनी तो पुसला, पण शब्द काही दिला नाही.

“…पण… आजून… शहात्तरच… चालू… शे.”

त्यांच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. तेवढं मलाही कळतं.

दादांनी टोपण लावलं आणि मेथीची जुडी पुढं ओढली.

मी बिनसहीचा कागद घेऊन परत आले. साहेब वाट बघत होते. “काय झालं?” मी म्हटलं, “साहेब, त्यांच्या घरी अजून शहात्तर साल चालू आहे,” आणि सगळं सांगितलं. साहेब काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मीही थांबले. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता. मग म्हणाले, “आमच्या घरी कुठलं चालू आहे, कोणास ठाऊक,” आणि बॅग उचलून चक्क सहाला घरी गेले.

आणि आज सकाळी आठला दादा थेट केबिनच्या दारात. “—नको, असं आहे.” आणि लेथवर निघून गेले.

सुट्टी संपत आली, डबा तसाच आहे. पण एक सांगा ना, तुमच्याकडून झालंय का हो असं? कोणाचं तरी वाक्य तुम्हीच संपवून टाकलंत, आणि त्या माणसाला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं? सांगा. सावकाश सांगा. मी मधे बोलणार नाही.