कथबर्टमास्तरांचा सुखरूप प्रवास

कथबर्टमास्तर प्रवासात आजारी पडणं शक्यच नाही, याबद्दल सगळ्या ग्रेनाडाची खात्री होती. कारण दर मंगळवारी सकाळी रेडिओवरून ते स्वतःच प्रवाशांना शहाणं करून सोडायचे. बेटांवर फिरताना पाणी किती प्यावं, डास कसे टाळावेत, लाल पट्टा मारलेल्या विषारी झाडाखाली पावसात का उभं राहू नये, हे त्यांनी शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतक्यांदा सांगितलं होतं, की गावातली मासेवालीसुद्धा त्यांना मासा देण्याआधी बर्फ दाखवायची. एक गोष्ट मात्र रेडिओवर कधी आली नव्हती. मास्तर स्वतः प्रवास करत नसत. धक्क्याला बांधलेली बोट डुलताना पाहिली तरी त्यांना ती लागायची.

पण या वेळी जाणं भाग होतं. त्यांचा मासेमारी करणारा धाकटा भाऊ वारून बरीच वर्षं झाली होती. त्याची मुलगी डेल्फीन पलीकडच्या कॅरियाकू बेटावर लग्न करत होती, आणि चर्चमध्ये बापाच्या जागी तिचा हात धरून चालायला तिला हा एकच काका उरला होता. मास्तरांची बायको इस्मे केकच्या तयारीला आधीच तिकडे गेली होती. निघायच्या सकाळी तिचा फोन आला.

"बोट लागू नये म्हणून गोळी घेतलीत का?"

"घेतो."

"एकच घ्या. आणि कोट पिशवीत घालून आणा. अंगावर चढवून उन्हात बसू नका."

"इस्मे, तू कुणाला सांगते आहेस, याचं काही भान आहे का?"

"आहे. म्हणून तर सांगतेय."

मास्तरांनी फोन ठेवला आणि दोन गोळ्या घेतल्या. एक गोळी साध्या प्रवाशाला पुरत असेल, पण आपण आज मुलीच्या बापाच्या जागी आहोत, असा त्यांनी विचार केला. कोट पिशवीत चुरगळला असता, म्हणून तोही अंगावरच चढवला. काळा कोट, आत जाकीट, गळ्यात टाय. आरशात पाहून त्यांना वाटलं, भाऊ असता तर खूश झाला असता.

पहिली मोठी लाट यायच्या आतच मास्तर झोपले. झोप अशी, की बोट तिरकी झाली आणि शेजारच्या बाईची कोंबड्यांची टोपली त्यांच्या मांडीवर येऊन पडली, एक कोंबडी त्यांच्या टायला चोच मारत राहिली, तरी त्यांनी फक्त मान दुसऱ्या बाजूला टाकली. कॅरियाकूला खलाशाने त्यांना गदागदा हलवून उठवलं तेव्हा त्यांचे पाय कापसाचे झाले होते, आणि तोंडातली जीभ दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती.

धक्क्यावर त्यांना न्यायला चर्चच्या महिला मंडळातल्या बाया आल्या होत्या. पुढे फेमीतांती. तांती म्हणजे मावशी. ही सगळ्या बेटाची मावशी. धिप्पाड बाई, डोक्यावर परातीएवढी हॅट. तिच्या मागे तिची धाकटी बहीण अर्मिन आणि आणखी चार-पाच जणी.

"या मास्तर. प्रवास कसा झाला?"

मास्तरांना 'उत्तम' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "उम्म्."

फेमीतांतीने बहिणीकडे पाहिलं.

"तोल जातोय," अर्मिन हळूच म्हणाली.

"जीभ जड झालीय," दुसरी म्हणाली.

"आणि एवढ्या उन्हात काळा कोट," तांतीने सगळं एका जागी आणलं.

मास्तरांच्या डोक्यात कुठेतरी खोलवर धोक्याची घंटा वाजली. त्यांनी सगळा जोर लावून एक वाक्य जुळवलं. "मी ठीक आहे."

बायांचे चेहरे एकदम गंभीर झाले. कारण गेल्याच आठवड्यात मास्तरांनी रेडिओवर बजावलं होतं : उष्माघात झालेला माणूस हमखास म्हणतो, मी ठीक आहे. त्याचं ऐकू नका. त्याची परवानगी मागत बसू नका.

"खरंच मला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले.

"वाढतोय," तांती म्हणाली. "उचला."

त्यांना उचललं. बदामाच्या झाडाखाली सावलीत आडवं केलं. कोट गेला, जाकीट गेलं, बूट गेले, आणि बेटावरच्या अर्ध्या लोकांच्या देखत विजारही गेली. एकीने छत्रीचा आडोसा धरला, एवढीच काय ती अब्रू राहिली. बादलीमागून बादली पाणी अंगावर पडू लागलं. कुणी मासळी बाजारातून बर्फ आणला आणि त्यांच्या काखेत, मानेखाली ठेवला. दोघी माडाच्या झावळ्यांनी वारा घालत होत्या.

मास्तर थंडीने कुडकुडत होते आणि अडकले होते. हे थांबवायचं तर 'मी ठीक आहे' म्हणायला हवं, आणि तसं म्हटलं की बर्फ वाढत होता.

"गोळी," त्यांनी वेगळा मार्ग काढून पाहिला. "दोन गोळ्या."

"बडबड सुरू झाली," अर्मिन म्हणाली. "नर्सला बोलवा लवकर."

आणि तशा अवस्थेतही मास्तरांच्या लक्षात एक गोष्ट आली. आधी सावली, मग कपडे, मग पाणी आणि वारा. एकजण त्यांच्याशी सतत बोलून शुद्ध तपासत होती. एक भला माणूस नारळपाणी घेऊन पुढे आला, तर तांतीने त्याचा हात धरला. "नीट शुद्धीवर नाहीत. घशात अडकेल." एकाही बाईने आरडाओरडा केला नाही, एकही दुसरीच्या आड आली नाही. शाळेत सगळा जन्म घालवूनही एवढा नीट शिकलेला वर्ग मास्तरांना मिळाला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. त्याच उरावर तेवढ्यात आणखी एक बादली पडली.

मग नर्स आली, तिच्या मागून इस्मे धावत आली. नर्सने ताप मोजला. "ताप नाही. उलट जरा जास्तच गार पडलेत." इस्मेने बर्फाच्या पाण्यात पडून भिजलेल्या कोटाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"किती घेतल्या?"

मास्तर बदामाच्या फांद्यांकडे पाहू लागले.

"बघा," इस्मे बायांना म्हणाली. "सगळ्या देशाला अक्कल वाटता वाटता घरी उरलीच नाही."

बाया ओशाळल्या. तांती मात्र हॅट सरळ करत म्हणाली, "चूक झाली असेल. पण खरंच असतं आणि आम्ही विचारत बसलो असतो, तर?" इस्मे कोट पिळायला लागली.

कोट पिळला तरी त्यातून मासळी बाजार जाईना. शेवटी बोटी बांधणाऱ्या एका सुताराचे कपडे आणले. तो माणूस दारात मावत नसे. त्याच्या विजारीत मास्तर दोनदा मावले असते. कमरेला दोरी बांधून ते चर्चच्या दारात उभे राहिले. पांढऱ्या झग्यातली डेल्फीन आली, त्यांना पाहून हसली, आणि जवळ येऊन थबकली.

"काका, तुमच्या अंगाला माशांचा वास येतोय."

"तुझ्या बापाच्याही यायचा," मास्तर म्हणाले.

तिने त्यांचा हात घट्ट धरला. चर्चच्या शेवटापर्यंत दोघंही एकमेकांकडे न बघता चालली, कारण बघितलं असतं तर दोघांचंही अवघड झालं असतं.

लग्न लागलं, ढोल सुरू झाले, पानं वाढली. नवऱ्या मुलाचे चुलते अल्डविन आदल्याच दिवशी न्यूयॉर्कहून आले होते. तिथल्या थंडीतला लोकरीचा सूट घालून त्यांनी सकाळपासून बाकडी उचलली होती, घोट घोट रम घेतली होती, पाणी एकदाही नाही. आता ढोलाच्या तालावर नाचता नाचता ते एकदम वाकडे चालू लागले आणि भिंतीला टेकून खाली घसरले.

लोक हसले. मास्तरही हसले. "रम चढली आहे," ते म्हणाले. "झोपू द्या त्यांना थोडं." खरं सांगायचं तर सकाळचा तमाशा पुन्हा नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

फेमीतांतीने हातातली ताटली ठेवली, गर्दीतून वाट काढली आणि अल्डविन यांच्या मानेवर हात ठेवला. "तव्यासारखं तापलंय अंग."

"मी ठीक आहे," अल्डविन म्हणाले.

हसणं थांबलं. सगळ्या बायांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी एका हाताने विजार धरली आणि दुसऱ्या हाताने बाटल्या गार करायला ठेवलेली बर्फाची बादली उचलली.

"सावलीत घ्या," ते म्हणाले. पण सांगायची गरज नव्हती. बायांनी अल्डविन यांना उचललंसुद्धा होतं. या वेळी नर्सने ताप पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिने आकडा कुणाला सांगितला नाही, फक्त म्हणाली, "पाणी थांबवू नका." त्यांनी थांबवलं नाही. बेटावरच्या दवाखान्याची गाडी आली, तीत अल्डविन यांना चढवलं, आणि गाडीतही अर्मिन वारा घालत बसली.

ऊन उतरता उतरता निरोप आला. अल्डविन नीट बोलत होते, बायकोला ओळखत होते आणि आपली विजार कुठे आहे म्हणून भांडत होते. नर्स म्हणाली, "झोपू दिलं असतं, तर लग्नाच्या घरी आज रडारड झाली असती."

मास्तर पायरीवर फेमीतांतीशेजारी जाऊन बसले. मनात आनंद मावत नव्हता, आणि थोडी लाजही होती.

"तांती," ते म्हणाले, "शिकवलं मी, पण वेळेला तुम्हाला आठवलं, मला नाही. एवढं तोंडपाठ कसं झालं? माझा कार्यक्रम कधीच चुकवत नाही वाटतं?"

"कसा चुकवणार? तुमच्यानंतर लगेच मयतांच्या बातम्या असतात. रेडिओ उशिरा लावला तर पहिलं नाव निसटतं. कुणाच्या दारी जायचं ते कळायला नको?"

"सगळं बेट तेवढ्यासाठी आधीपासून लावून बसतं," दवाखान्यातून परतलेली अर्मिन म्हणाली.

मास्तरांनी कमरेची दोरी सोडून पुन्हा बांधली. तांतीला बहुतेक त्यांची दया आली. तिने नारळपाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"पण एक आहे हं मास्तर. एखाद्या मंगळवारी त्या बातम्यांत आमच्या बेटाचं कुणीच नसतं. त्या दिवशी आम्ही म्हणतो, आज मास्तरांचा कार्यक्रम बरा झाला."