पाक पार्तोनोंचा चिकट वाजिक

"वाजिक? त्यात काय एवढं! चिकट तांदूळ, ताडाचा गूळ, नारळाचं दूध. ढवळलं की झालं!" पाक पार्तोनोंनी, म्हणजे आपल्या पार्तोनोरावांनी, छाती पुढे काढून सांगितलं, आणि शेजारच्या सुगियेमबाईंनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी दानांगसाठी, म्हणजे त्यांच्या पोरासाठी, मुलीला मागणी घालायला बोयोलालीला जायचं होतं. आमच्या जावा बेटावर मागणीला वाजिक न्यायचाच. तो जसा चिकटतो, तशी सोयरीक चिकटावी! आजवर घरात वाजिक करायची ती त्यांची बायको सुमिराह. ती गेली, पण म्हणून तिच्या पोराच्या मागणीला बाजारातला वाजिक न्यायचा? छे! पार्तोनोंनी कढई चढवली.

"अहो पाक पार्तोनो, उतरवा! गूळ आळला!" कुंपणापलीकडून सुगियेमबाई ओरडल्या.

"आळू दे! जन्मभर टिकायचीय सोयरीक!" असं म्हणून त्यांनी आणखी गूळ ओतला. शेवटी उलथनं कढईत जे उभं राहिलं ते निघेचना. पार्तोनो बेहद्द खूश!

बोयोलालीला मुलीचे आजोबा कार्सो मधोमध बसले होते. त्यांच्या होकारावर सगळं अडलेलं. त्यांनी वाजिकचा भलामोठा तुकडा तोंडात टाकला आणि पार्तोनोंकडच्या वडीलधाऱ्यांनी हात जोडून विचारलं, "तुमची सेकार आमच्या दानांगला द्याल का?"

आजोबांनी डोळे वटारले. मान जोरजोरात हलवली. दोन्ही हात झाडले!

झालं! नकारच की हा! आता "का हो, नको का?" असं तोंडावर विचारणारा माणूस आमच्या जावात जन्माला यायचाय!

"यंदा तंबाखू बरा आलाय," मुलीचे वडील कसंनुसं हसत म्हणाले.

"हो हो, फारच बरा," म्हणत इकडची मंडळी सावकाश चपला शोधायला लागली. पडद्याआड सेकारचा हुंदका ऐकू आला. दानांगचा चेहरा पार उतरला.

पार्तोनोंचं लक्ष मात्र आजोबांच्या जबड्याकडे होतं. तो हलतच नव्हता! काय झालंय ते त्यांना कळलं. पण सांगायचं म्हणजे भर सभेत स्वतःच्या वाजिकची अब्रू काढायची! ते खाली मान घालून बसले. मग दानांग मुकाट्यानं उठला, आणि त्यांना राहवेना.

"अहो, नकार नाहीये हा! तोंड चिकटलंय त्यांचं! माझ्या वाजिकनं! गरम चहा आणा!"

चहा आला. आजोबांनी बऱ्याच खटपटीनं कवळी हातात काढली आणि बोळक्या तोंडानं ओरडले, "होय! केव्हाचा होय म्हणतोय! पण लग्नात या माणसाला चुलीपाशी फिरकू देऊ नका!"

सगळे पोट धरधरून हसले. पार्तोनोही हसले.

घरी आल्यावर उरलेला वाजिक घेऊन ते सुमिराहच्या फोटोसमोर बसले. इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्ला, पण 'दे गं, दमली असशील, मी ढवळतो जरा,' असं एकदाही म्हटलं नाही! त्यांना फार वाईट वाटलं. आज तरी तिला तसं म्हणायचं त्यांनी ठरवलं, पण त्याआधी तिच्या नावानं एक तुकडा तोंडात टाकला.

जबडा मिटला तो मिटलाच. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडातून नुसतं "म्मम्म!"

"पाक, चहा आणू का?" सुगियेमबाईंनी दारातून विचारलं.

पार्तोनोंनी मान जोरजोरात हलवली, दोन्ही हात झाडले.

नको म्हणतायत, असं समजून बाई बिचाऱ्या निघून गेल्या.