चाळीस व्होल्टची बेरीज

"फ्रिजची काळजी सोड! संध्याकाळपर्यंत कुल्फी दगडासारखी करून दाखवतो!" वालूरच्या माधवराव सरांनी बायकोला, सुमंगलाबाईंना, छातीठोक शब्द दिला.

संध्याकाळी नातीचं बारसं. अख्खी गल्ली जेवायला यायची, आणि गावात व्होल्टेज इतकं कमी की फ्रिज नुसताच कण्हत होता. आत कुल्फीचे साचे, बाहेर सुमंगलाबाईंचा टांगलेला जीव!

सरांनी परभणीहून छोटा ट्रान्सफॉर्मर बांधून आणला होता. घरात येणाऱ्या विजेत त्याचे चाळीस व्होल्ट मिळवायचे, की काम फत्ते! तंत्रनिकेतनात शिकवणारी लेक अर्पिता बाळाला थोपटत म्हणाली, "बाबा, तारेच्या दोन्ही गुंडाळ्या जिथून सुरू होतात तिथं लाल ठिपका हाय. ठिपके बघूनच जोडा. उलटं जोडलं तर बेरजेच्या जागी वजाबाकी व्हईल!"

"अगं, मी विज्ञान शिकवतो!"

एवढं बोलून सरांनी, पाहुण्यांत बरं दिसावं म्हणून, ट्रान्सफॉर्मरला हिरवा ऑइलपेंट फासला. ठिपक्यांसकट!

पेंट वाळल्यावर अंदाजानं जोडणी झाली. बटण दाबलं. पंखा रुसलेल्या जावयासारखा जागीच थबकला, बल्बचा निखारा झाला. व्होल्टेज दाखवणारं मीटर एकशे ऐंशीवरून एकशे चाळीसवर!

"नेमकं आत्ताच व्होल्टेज अजून पाडलं या वीजवाल्यांनी!" सर तणतणत दारात आले आणि शेजारच्या बालाजीला ओरडले, "बालाजी, वीज पडलीय! मुंजाजीला फोन कर!"

बालाजीनं लाइनमनला फोन लावला, "मुंजाजी, सरांच्या घरावर वीज पडली!"

गल्ली बादल्या घेऊन धावली. मुंजाजी धापा टाकत आला.

"सर, आभाळात ढग न्हाई, वीज कुठून पडली?"

"अरे, व्होल्टेज पडलंय!"

"मंग तसं सांगा की! लोक रडायलेत तिकडं!"

आलाच होता म्हणून मुंजाजीनं डीपी, म्हणजे गावाचा मोठा ट्रान्सफॉर्मर, बंद करून व्होल्टेज जरा वर चढवलं आणि वीज परत सोडली. नेमक्या त्याच वेळी शेतातल्या मोटारी बंद झाल्या. भार उतरला आणि व्होल्टेज उधळलं! बालाजीचा बल्ब फट्कन गेला, पंख्याचं हेलिकॉप्टर झालं. त्याच्या मीटरवर दोनशे पासष्ट! बाया फ्रिजच्या पिना उपसायला धावल्या.

सरांना आपलं यंत्र आठवलं. त्यात आपले वरचे चाळीस! फ्रिज गेला! कुल्फी गेली! ते धडपडत घरात शिरले.

फ्रिज मजेत गुणगुणत होता. मीटरवर दोनशे पंचवीस.

सरांनी बोटांवर हिशेब केला. बेरीज करायला गेलो, झाली वजाबाकी! आणि वजाबाकीनंच वाचवलं! ते भिंतीला टेकून हसत सुटले.

संध्याकाळी कुल्फी दगडासारखीच निघाली. बालाजी म्हणाला, "सर, तुमचं यंत्र लय भारी! मला बी एक आणा."

सुमंगलाबाई वाढता वाढता थांबल्या. "पण अहो, ते तर व्होल्टेज वाढवायला आणलं होतं ना? मग गल्लीचं वाढलं तवा आपलंच कमी कसं?"

अर्पितानं मान वर केली.

सरांनी घाईघाईनं अख्खी कुल्फी तोंडात कोंबली आणि खूण केली, दात ठणकायलेत, बोलता येत न्हाई!