तुमच्या म्हशीचं नाव काय?

फोन लागला की खिल्लारे नमस्कार-चमत्कार करत नसत. थेट विचारत, "तुमच्या म्हशीचं नाव काय?"

पलीकडे मोठ्या प्रयोगशाळेतले जिरापुरे असत. ते वैतागून "चंद्री!" असं ओरडले, की मगच हा अस्सल जिरापुरे आहे यावर खिल्लारेंचा विश्वास बसे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर आणि खिल्लारे लॅबवाले. तापाच्या रोग्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे, हे त्यांचं काम. तापाच्या दिवसांत काचा साचल्या की जास्तीच्या काचा खोक्यात घालून एस.टी.ने मोठ्या प्रयोगशाळेत जात. निकाल ट्रंक कॉलवर येई.

या सगळ्या साखळीवर खिल्लारेंचा संशय. कंडक्टर खोकं हलवून बघतो. पोस्टातली बाई फोन चोरून ऐकते. डॉक्टर न वाचता सही करतात. "भरोसा नाई," हा त्यांचा जप. चहात दूध घातलेलं समोर दिसत असलं तरी ते म्हणत, "दूधच हाय ना? भरोसा नाई."

संशयाला कारण घडलं होतं, हे मात्र सांगायला हवं. एकदा जिरापुरे रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने एका तांड्यातली नावं फोनवर वाचून दाखवली. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्यांच्या रक्तात जंतू सापडले त्यांचीच नावं वाचायची. त्याच्या जुन्या ठिकाणची पद्धत नेमकी उलटी. तिथे साफ सुटलेल्यांची नावं वाचत. ना त्याने सांगितलं, ना आम्ही विचारलं. तांड्यातली धडधाकट माणसं तोंड वाकडं करून कडू गोळ्या गिळत राहिली आणि खरे तापकरी गोधडीत कुडकुडत राहिले. तांड्याचे नाईक मला येऊन म्हणाले, "काहून हो, तुमचं औषध तब्येतवाल्यालेच लागते काय?"

तेव्हापासून खिल्लारेंचा कायदा सुरू झाला. आधी गाव, मग नाव, मग बापाचं नाव, मग 'सापडले' किंवा 'नाही सापडले'. एकही माणूस गाळायचा नाही. आणि ऐकणाऱ्याने सगळं परत म्हणून दाखवायचं.

"खिल्लारे, येळ सरून राह्यला ना!" जिरापुरे करवादत.

"सरू द्या. तुमच्यावर मले काडीचा भरोसा नाई."

एका भादव्यात खिल्लारेंची शांता तापली. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. तापावरच्या पहिल्या गोळ्या मी दिल्या. पुढचा पूर्ण उपचार निकाल आल्यावर. खिल्लारेंनी तिची काच तयार केली, दुपारभर ते सूक्ष्मदर्शकावर वाकून बसले आणि संध्याकाळी ती काच मोठ्या प्रयोगशाळेसाठी कारंज्याच्या एस.टी.त घालून आले. मला नवल वाटलं. त्या आठवड्यात काचा अजिबात साचल्या नव्हत्या.

निकालाचा फोन आला तेव्हा त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः दाराशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

शांताचं गाव, नाव, बापाचं नाव असं सगळं वाचून जिरापुरे म्हणाले, "सापडले." मग त्यांनी विचारलं, "पोरगी त्यायचीच हाय का हो? मंग त्यायनं सोता काहून नाई पाह्यली काच?"

मी कायद्याप्रमाणे सगळं परत म्हणून दाखवलं आणि फोन ठेवला. निकाल सांगितला आणि तोच प्रश्न खिल्लारेंना विचारला.

"पाह्यली ना," ते दाराकडेच तोंड करून म्हणाले. "पुन्हा पुन्हा पाह्यली. मले एकबी जंतू दिसला नाई. आपल्या लेकराच्या रक्तात तो नसावाच, असं मनात धरून पाह्यलं तं तो दिसन कसा? माह्या डोयावर मले भरोसा नाई राह्यला. म्हून त्या जिरापुऱ्याकडं धाडली."

मग ते वळले आणि त्यांनी गोळ्यांसाठी हात पुढे केला. पण लगेच तो मागे घेतला. मी गोळ्या पुडीत बांधल्या, माझ्याच खिशात टाकल्या आणि म्हणालो, "चला, मीच येतो घरी."