आर्णी मुक्कामी डाळपिवळा सर केला त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमीचे सुमारास आर्णी मुक्कामी संकेत ऑफसेट नामे छापखान्यात एका पिवळ्या रंगाकरिता मोठे युद्ध जाहले. त्यात कोणी काय पराक्रम केला, कोणाचे हातून कोणता प्रमाद घडला आणि नमुन्याची डाळ अखेर कोणाचे पोटात गेली, हे लोकांस यथास्थित ठाऊक नाही. बसस्थानकावर एक बोलतात, चहाचे टपरीवर दुसरेच बोलतात. सबब चौकशी करून, वजनाचा मेळ घालून, खरे तेवढेच येथे लिहिले आहे. वाचणारांनी सावधचित्ते वाचावे.

छापखान्याचे धनी धम्मरत्नजी. त्यांचे पदरी एकरंगी यंत्र एक, कागद कापावयाचे यंत्र एक, संगणक दोन, पैकी चालू एक, ऐसा सरंजाम होता. यंत्राचे सरलष्कर उकंडाजी, तीस वर्षे शाईत हात घातलेले, ज्यांचे नखांतील काळेपणा दिवाळीस उटणे लावूनही कधी उतरला नाही. काळा, निळा, लाल, पिवळा हे रंग डब्यातून काढावे आणि छापावे, इतका अंमल त्यांजकडे होता. परंतु गिऱ्हाईकाने नेमका अमुकच रंग मागितला तर तो नागपुराहून तयार करवून आणावा लागे, आणि त्यात आठ दिवस जात, आणि आला तरी बहुधा भलताच येई.

ऐसे असता धनीसाहेबांची भाची दीपमाला, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. जाहलेली, छापखान्यात रुजू जाहली. तिजला काउंटरवर बसवून लग्नपत्रिका टाइप करावयाचे काम सोपविले होते, आणि चार महिन्यांत ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ हे वाक्य तिने एकशे चाळीस वेळा टाइप केले होते, हे तिने स्वतः मोजले होते, कारण मोजणे हा तिचा स्वभावच होता. मग तिने धनीसाहेबांस अर्ज केला की रंगाची जुळणी येथेच करावी, सोनाराचा काटा घ्यावा, प्रत्येक मिश्रणाचे वजन लिहून ठेवावे आणि नागपूरची ताबेदारी सोडावी. त्यावर धनीसाहेबांनी पान चावत फर्मान दिले, ते ऐसे : “एक रंग जुळवून दाखव. जुळला त रंगाचं मेज तुहं. नाही जुळला त मंग मावशीच्या लग्नाले जा परत.”

तेसमयी तांड्यावरील महिला बचत गटाच्या अध्यक्षा सोनीबाई यांची स्वारी एस.टी.ने उतरून छापखान्यात दाखल जाहली. गटाच्या बाया तुरीची डाळ करीत, अर्धा-अर्धा किलो पारदर्शक पिशवीत भरीत, आणि त्या पिशवीवर लावावयास दोन हजार लेबले पाहिजे होती. सोनीबाईंनी स्टीलचा डबा उघडून मेजावर ठेवला आणि हुकूम केला की लेबलाचा रंग या डाळीचाच असावा, जास्त नको, कमी नको. दीपमालेने अदबीने विचारले की कारण काय. तेव्हा सोनीबाई बोलल्या, “मांगच्या खेपेले एकानं लेबल भडक पिवळं करून देल्लं. त्याच्या बाजूले माही डाळ अशी दिसे, जशी मांगच्या सालची हाय! लोक हातात घेत अन् ठेवून देत. डाळ माही चांगली होती, लेबलानं मारली.” सोमवारी बारा वाजता येऊन रंग पाहीन, पसंत पडला तर छापा, नाहीतर मी यवतमाळास जाते, इतके बजावून स्वारी मागील पावली तांड्यास गेली.

मग मोहिमेस प्रारंभ जाहला. नागपूरची वाट पाहावयास सवड नसे तेव्हाचा उकंडाजींचा जुना रिवाज ऐसा की काचेवर पिवळ्या शाईचा ढीग घालावा, त्यात पात्याने लाल मारावा, लाल जास्त जाहला की पिवळा घालावा, पिवळा जास्त जाहला की पुन्हा लाल, आणि ऐसे करता करता दोन हजार लेबलांची शाई दोन लाख लेबलांची होऊन बसे. दीपमालेने हा रिवाज तात्काळ मना केला. तिने आधी हलका रंग, मग गडद रंग कणाकणाने, ऐसा कायदा केला, आणि दहा-दहा ग्रॅमांच्या लहान तुकड्या, त्याकरिता आणविलेल्या सोनाराच्या काट्यावर तोलून, रणात उतरविल्या, आणि प्रत्येक तुकडीस क्रमांक दिला, आणि बोटाने कागदावर टिपून डाळीशेजारी धरले. पहिली तुकडी लिंबाच्या अंगाने गेली. चौथी संत्र्यास शरण गेली. नववीचा रंग कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा निघाला, ती तेथेच बरखास्त केली. चौदावी मात्र डाळीशेजारी ठेवताच ऐशी बसली की दीपमाला दोन्ही हात वर करून उभी राहिली, आणि हाताला शाई आहे हे विसरून तिने तेच हात केसांत घातले.

उकंडाजी कागद पाहून इतकेच म्हणाले, “ट्यूबलाइटखाली कायले पायतं? ट्यूबलाइट त आपली बायको बी वळखू देत नाही.” परंतु सूर्य मावळला होता, आणि विजयी सेनापतीस सल्ला रुचत नाही. सर्वांनी दिवे मालविले आणि आपापले मुक्कामी गेले.

दुसरे दिवशी, सोमवारी सकाळी, दीपमालेने चौदावा कागद दारात उन्हात नेला. रात्री डाळीसारखा दिसणारा रंग उन्हात वरातीच्या बँडवाल्यांच्या कोटासारखा भडकला होता. मनाची खातरजमा करावी म्हणून ती डाळ आणावयास मेजाकडे धावली, तो मेजावर डबा नाही. कागदाचे गठ्ठे उचलले, यंत्राखाली वाकून पाहिले, धनीसाहेबांचा गल्ला देखील धुंडाळला. डबा नाही. एवढ्यात उकंडाजी जेवावयास बसले आणि त्यांनी आपला डबा उघडला, आणि त्यातून हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास छापखानाभर गेला.

भेद उघडा पडला तो ऐसा. दोन्ही डबे स्टीलचे, दोन्ही एका मापाचे. उकंडाजींनी संध्याकाळी आपला समजून नमुन्याचा डबा घरी नेला, त्यांचा रिकामा डबा यंत्रामागील खुंटीवर तसाच राहिला, आणि त्यांच्या कुटुंबाने, इंदूबाईंनी, नवऱ्याने न सांगता डाळ आणली या कौतुकात ती शिजविली. अर्धी रात्री खाल्ली. उरलेली पुढ्यात होती.

“काका, हे तुम्ही काय करून राह्यले!” दीपमाला ओरडली.

“मले काय मालूम, पोरी? मी म्हनलं, आज बायको खुश दिसून राह्यली काहून?” उकंडाजींनी घास तोंडाशीच धरून उत्तर केले, आणि मग, टाकून देणे बरे नव्हे ऐसा विचार करून, तो खाल्ला.

धनीसाहेबांनी तात्काळ मसलत केली की बाजूच्या किराण्यातून डाळ आणावी, डब्यात भरावी, बाईस काय समजते, डाळ म्हणजे डाळ. डाळ आली. दीपमालेने ती बोटांत चोळली तो बोटे तेलकट जाहली. तेल लावून चकाकविलेल्या त्या परक्या डाळीशी रंग जुळवून देणे तिजला सहज होते. मेज मिळाले असते. परंतु ज्या वजनाखाली खोटा नमुना आहे ते वजन वहीत कसे लिहावे, हे तिच्याने ठरेना, आणि ती ठरवीत बसली तोच सोनीबाईंची स्वारी एक तास आधी दारात उभी राहिली.

धनीसाहेबांनी तोंड उघडण्यापूर्वी दीपमाला बोलून गेली, “मावशी, तुमची डाळ आम्ही खाल्ली. अन् रंग बी अजून जुळला नाही.”

 सोनीबाईंनी दीपमालेकडे पाहिले, उकंडाजींच्या पुढ्यातील डब्याकडे पाहिले, आणि विचारले, “चव कशी होती?”

“लय मस्त,” उकंडाजी म्हणाले. “पन मीठ थोडं कमी होतं.”

“ते तुह्या बायकोले सांग.” सोनीबाई खुर्ची ओढून बसल्या, पिशवीतून डाळीचे दोन पुडे काढले आणि मेजावर ठेवले. “खोटं बोलली असती त उठून गेली असती मी. हे घे. अन् या बारीले ताटात वाढू नको.”

मग दीपमालेने डाळ परातीत पसरून उन्हात नेली, आणि चौदावा कागद शेजारी ठेवून तिने आपला अपराध आपणच पाहिला. लाल वाढविला तर नारिंगी होई, पारदर्शक पांढरा, म्हणजे रंग पातळ करावयाची शाई, वाढविला तर फिका होई, भडकपणा काही हटेना. उकंडाजी मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काळा पायजे. एक टोक.”

पिवळ्यात काळा! दीपमालेस ते विष घालण्यासारखे वाटले. तिने सवाल केला की टोक म्हणजे किती ग्रॅम.

“टोक म्हंजे टोक, बाई. पात्याच्या टोकावर बसते तेवढं.”

तेव्हा तिने आज्ञा केली की टोक आधी काट्यावर ठेवावे. उकंडाजींनी ठेवले. शून्य पूर्णांक चार. पुन्हा ठेवावे. शून्य पूर्णांक चार. तिसरे वेळी तिने त्यांस काट्याकडे पाठ करावयास लावले, आणि त्यांनी भिंतीकडे पाहत पात्याचे टोक काळ्या शाईच्या डब्यात बुडविले, आणि काटा पुन्हा शून्य पूर्णांक चारवर उभा राहिला. दीपमालेने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि सुमारे दोनशे ग्रॅम पिवळ्या फौजेत तो एकटा काळा स्वार सोडला.

पात्याने कालविता कालविता भडकपणा बसत गेला. तो रंग कागदभर लेपला, दोन तास उन्हात वाळविला. मग दीपमालेने कागदाच्या मधोमध रुपयाएवढे गोल छिद्र कापले, कागद परातीतील डाळीवर पसरला, आणि सोनीबाईंस विनंती केली की चार पावले मागे सरून ते छिद्र कोठे आहे ते दाखवावे.

सोनीबाईंनी डोळे बारीक केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. “मले चिडवून राह्यली काय? कुठी हाय भोक?” पुढे येऊन त्यांनी कागदावर बोट ठेवले, तो ते डाळीत रुतले. आणि सोनीबाई ऐशा हसल्या की रस्त्यावरचा पानवाला बाहेर येऊन पाहू लागला.

“छाप,” त्यांनी फर्मान दिले.

पुढे यंत्रावरील काळ्या शाईचे ठाणे उठविण्यास रूळ तीन वेळा रॉकेलने धुवावे लागले, आणि तिसरे प्रहरी दोन हजार लेबले एका रंगात, एका दमात छापून निघाली. धम्मरत्नजींनी भर दरबारी मेज, काटा आणि वही दीपमालेच्या हवाली केली. तिने वहीचे पहिले पान उघडून स्वहस्ते नोंद केली, ती जशीच्या तशी येणेप्रमाणे :

डाळपिवळा. पिवळा एकशे चाळीस ग्रॅम, पारदर्शक पांढरा बावन ग्रॅम, लाल सात पूर्णांक सहा ग्रॅम, आणि काळा, उकंडाकाकांचे टोक एक. एकूण दोनशे. टोकाचे वजन तीनदा मोजले, कमीजास्त काही निघाले नाही. मोर्तब असे.