पार्सलची गाठ

"तीस वर्षांत माझ्या हातची गाठ कधी सुटलेली नाही," असं बजावून गाठमास्तरांनी शिडाच्या होडीचे पुढचा-मागचा असे दोन्ही दोर दगडी धक्क्यावरच्या खुंट्यांना करकचून आवळले. उभा जन्म पार्सल ऑफिसात गेलेला. बांधलेली वस्तू हलता कामा नये, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं.

"अहो, जराशी ढील ठेवू या का?" बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची, शिवणीत जादा कापडाची माया सोडायची तिला सवय.

"ढील दिली की माल मोकाट सुटतो."

बायको भांडी लावायला वळली, कारण आजचा दिवस काहीही करून निभवायचा होता. घर भाड्याने देऊन दोघं होडीवर राहायला आले, त्याला सहा दिवस झाले होते. बुटक्या दारावर आपटून मास्तरांच्या कपाळावर चार टेंगळं आली, स्टोव्ह तीनदा कलंडला, पण माघार नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका ताईंनी, दम भरला होता, "रविवारी बाराला येऊन बघते. संसार नीट लागलेला दिसला तर पुन्हा बोलणार नाही. नाहीतर होडी विका आणि माझ्या मागच्या खोलीत या." ताईंकडे नऊला दिवे मालवायचे आणि चपलासुद्धा मापाप्रमाणे रांगेत लावायच्या. मागच्या खोलीत पलंग घालूनही झाला होता.

इतके दिवस होडी तरंगत्या धक्क्याला होती. ताईंना डुगडुगत्या फळ्यांवरून चालवायला नको, म्हणून मास्तरांनी ती आज सकाळी ऐन भरतीत या दगडी धक्क्याला आणली होती.

साडेदहाला साखरेचा डबा आपसूक घसरत फळीच्या टोकाला आला.

"होडी कलतेय," बायको म्हणाली.

"तुझं शिलाई मशीन. सगळं वजन एकाच अंगाला."

मशीन उचलून धक्क्यावर ठेवलं. होडी आणखी कलली. मग मास्तरांची पुस्तकांची पेटी गेली, भांडी गेली. "नक्की कुठूनतरी पाणी शिरतंय," म्हणत मास्तरांनी तळ चाचपला. तो कोरडा ठणठणीत निघाला, पण मास्तरांचा आता तळावरही भरवसा राहिला नव्हता. गाद्याही वर गेल्या. बाराच्या ठोक्याला सगळं बिऱ्हाड धक्क्यावर होतं, आणि ताईही.

"शहाणे झालात म्हणायचे," ताई म्हणाल्या. "बसा. उरलंसुरलं मी काढते." मास्तर तोंड उघडेपर्यंत बाह्या सरसावून त्या होडीत उतरल्यासुद्धा.

तेवढ्यात धक्क्याचा राखणदार ओरडत आला. "अहो, ओहोटी लागलीय! पाणी खाली गेलं, होडी दोरांना टांगली गेलीय. सोडा आधी."

मास्तरांची गाठ ती. नखं तुटली, ती हलली नाही.

"मग एक दोर कापा, लवकर."

मास्तरांनी जन्मात सुतळीसुद्धा कापली नव्हती, सोडवून गुंडाळून ठेवली होती. पण मागच्या खोलीतला पलंग डोळ्यांपुढे आला. त्यांनी दात आवळले, भांड्यांतून सुरी उपसली आणि पुढचा दोर कापला.

धप्पकन होडी पाण्यात बसली. अगदी सरळ. मास्तरांनी विजयी मुद्रेने वळून पाहिलं. मागच्या खुंट्यापाशी बायको उभी होती. तिच्या हातात कात्री होती.

"तूही कापलास?"

"एक कापा म्हणाले ना. मी एकच कापला."

होडी ताईंना घेऊन संथपणे निघाली होती.

राखणदार छोटी नाव घेऊन मागे धावला. अर्धा तास दोघं गाद्यांवर बसून होते. होडी परत आली तेव्हा ताई सुकाणू धरून ताठ उभ्या होत्या आणि राखणदाराला नाव कशी हाकावी ते शिकवत होत्या.

"ताई, अजून एकच आठवडा द्या," मास्तर काकुळतीने म्हणाले.

"कशाला? होडी विकायची नाही." ताईंनी आपल्या घराची किल्ली त्यांच्याकडे फेकली. "पलंग घातलेलाच आहे. नऊला दिवे मालवा. मी इथे राहते."

मास्तरांनी किल्ली कशीबशी झेलली. बायको मात्र शांतपणे उठली आणि उरलेला दोर आणून तिने त्यांच्या हातात दिला.

"अहो, नीट बांधा," ती हळूच म्हणाली. "पाणी अजून उतरतंय. ढील अजिबात ठेवू नका."